ओल्या चादरी

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं जमत नाही, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. मी ते कधी लपवलं नाही. काही बायका जावेला जवळ घेतात आणि पाठ फिरली की तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. मला तो दुटप्पीपणा येत नाही, मी नावं तोंडावर ठेवते. तीही काही कमी नाही. माझ्याबद्दल बोलताना ती 'पलीकडची' म्हणते, जशी काही मी नदीपलीकडे राहते. आमच्यामध्ये आहे ती फक्त एक भिंत. तीसुद्धा छातीएवढीच, आणि गवंडी घाईत असल्यामुळे झुकलेली. झुकलीय तीही माझ्याच बाजूला.

वाटण्या झाल्या तेव्हा घराचे दोन भाग झाले आणि आवाराचेही. हापसा माझ्या बाजूला आला. पण भिंत नेमकी त्याच्याजवळ संपते, त्यामुळे पाणी दोघींचं. भांडी, फळ्या, खाटा सगळ्याची नीट वाटणी झाली. राहिली ती वलणी, कपडे वाळत घालायची. सासऱ्यांनी ती माझ्या लग्नाच्या वर्षी बांधली होती, दोरी कुजते म्हणून जाड लोखंडी तारेची. तिचं एक टोक हापशाच्या नळाला, म्हणजे माझ्याकडे, आणि दुसरं आवाराच्या कोपऱ्यातल्या दांडक्याला, म्हणजे वाटणीनंतर तिच्याकडे. माझ्यासाठी बांधली म्हणून वलणी माझी. ती म्हणायची, अर्ध्याहून जास्त वलणी माझ्या आवारात आहे म्हणून माझी. या एका गोष्टीवरून आम्ही इतकं भांडलोय की शेजारच्या बायका दळण निवडायला मुद्दाम त्या वेळी दारात बसत.

मग आवारात सरकार आलं. खरं तर ते वाटण्यांच्या आधीच आलं होतं, सासरे असताना. एक दिवस माणसं आली, कोपऱ्यातलं झाड तोडलं, वलणीचा दांडका उपटला आणि तिथं तारायंत्राचा खांब रोवला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सासरे म्हणाले, "अहो, ही माझी जागा आहे." बरोबर एक दुभाषा होता, त्याने साहेबाला विचारून उत्तर दिलं, "जमीन तुमचीच आहे आजोबा, तार वरून जाते. वरची हवा सरकारची." सासरे तापट होते, पण तोवर खांब उभा राहिला होता. त्यांनी वलणीचं सुटलेलं टोक उचललं आणि त्याच खांबाच्या आकड्याला बांधलं. म्हणाले, "हवा तुमची तर माझ्या सुनांचे कपडेही तुम्हीच सांभाळा."

पुढे खांबाला काहीही बांधायचं नाही असा हुकूम निघाला. बांधेल तो तुरुंगात जाईल, म्हणून चौकाचौकात पुकारलं. पण आमच्या वलणीकडे कुणी बघितलं नाही, कारण तोवर माझा दीर तारवाला झाला होता. तारेवर चढायचं, तुटली तर जोडायची, रानावनातून खांबाखांबाने फिरायचं, हे त्याचं काम. सरकारचा कोट मिळाला, पितळेची बटणं मिळाली. धाकटी तो कोट असा झटकून वाळत घालायची की बटणं माझ्या खिडकीकडे व्हावीत.

ह्यांनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. हे घड्याळजी आहेत. पुढच्या खोलीत दुकान आहे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर किडुकमिडुक चक्रांत बोटं घालून बसतात. भाऊ खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन दारावरून गेला की हे भिंग काढून तोंड भिंतीकडे करायचे. गल्ली त्याला सरकारचा कुत्रा म्हणायची. मीही म्हणायचे. नाही कशाला म्हणू? ज्यांनी आमचं झाड तोडलं त्यांचाच कोट घालून फिरत होता.

ही तार आमच्या आवारावरून पुढे डोंगरात जाते, छावणीपर्यंत. डोंगरातल्या लोकांना सरकार सडकेच्या कामाला धरून न्यायचं, फुकट. त्या वर्षी त्यांनी माणसं द्यायची बंद केली. मग शिपाई गावांत जाऊन घरं पेटवायला लागले. कुठल्या गावावर कधी जायचं, हा हुकूम शहरातून तारेनं छावणीला जायचा. पूर्वी घोडेस्वार जायचा तेव्हा त्याच्या आधी बातमी पोचायची. आता बातमीच्या आधी शिपाई पोचत होते. एवढं सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

आणि अशात तार आजारी पडायला लागली. तुटायची नाही. खांब जागेवर, तार अखंड, आणि तरी अर्धा दिवस पलीकडे काही पोचायचं नाही. मग आपोआप बरी व्हायची. दिराला शोधायला पाठवायचे. तो डोंगरापर्यंत पायपीट करून यायचा आणि सांगायचा, काही सापडलं नाही. गल्ली हसायची. म्हणायची, कोट घातला म्हणून अक्कल थोडीच येते. मीही हसले. धाकटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले.

त्याच दिवसांत मला दिसायला लागलं की धाकटीचं डोकं फिरलंय. ती धुतलेल्याच चादरी परत धुवायची. मी तिच्या धुण्यावर लक्ष ठेवते असं नाही, पण माझ्या खिडकीतून वलणी दिसते आणि डोळे काही मी काढून ठेवत नाही. त्याच त्या तीन जाड चादरी, ज्यांच्यावर कुणी झोपलेलंही नसायचं. पिळायची नाही, तशाच निथळत टाकायची. वाळत आल्या की उठून पुन्हा पाणी. आणि पाणी कुठे गळायचं? हापशाकडच्या टोकाला, भिंतीला लागून मी सरपण रचून ठेवते, त्याच्यावर. ओल्या सरपणाचा धूर मी गिळायचा आणि हिने स्वच्छतेचा टेंभा मिरवायचा.

ह्यांना मी सांगितलं. "तुमची भावजय वेडी झालीय. त्याच चादरी तिसऱ्यांदा धुतेय."

हे भिंगातून मान वर न करता म्हणाले, "धुऊ दे. तुझं काय जातं?"

"माझं सरपण जातं."

"सरपण हलव."

मी कशाला हलवू? मी नाही हलवलं.

ज्या दिवशी साहेब आला त्या दिवशीही पहाटेपासून चादरी टपटपत होत्या. तार पहाटेच मेली होती. दिराला नेहमीप्रमाणे डोंगराकडे धाडलं होतं. पण या वेळी वरून नवा तपासणी साहेब आला होता आणि त्याच्याकडे लाकडी पेटी होती, वर काच आणि काचेखाली काटा. तो खांबाखांबाला थांबत, पेटी तारेला जोडून काटा बघत आमच्यापर्यंत आला. बरोबर तोच जुना दुभाषा, आता म्हातारा झालेला, आणि चार शिपाई. धाकटीला न विचारताच ते तिच्या आवारात शिरले. एक माणूस खांबावर चढला, वरून दोन तारा सोडल्या, साहेबाने पेटी स्टुलावर ठेवून त्या जोडल्या. काटा खाली पडून राहिला होता. साहेब खाली वाकून त्याच्याकडे बघत बसला.

मी भिंतीपाशी उभी होते. धाकटी दारात उभी होती, पांढरीफटक. ती चादरी काढायला पुढे झाली तर शिपायाने हात आडवा धरला, यंत्राजवळ यायचं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, त्याने पुन्हा मागे सारलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, साहेबासमोर गरीब गाय व्हायचं नाटक चाललंय. आणि त्याच वेळी एक टपोरा थेंब नेमका माझ्या सरपणाच्या मोळीवर पडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं ए," मी ओरडले, "साहेब आला म्हणून माझं सरपण भिजवायला मोकळीक मिळाली का तुला? सकाळपासून तिसऱ्यांदा धुतेस त्याच चादरी! त्यांच्यावर झोपतं कोण? भुतं झोपतात का तुझ्या घरी?"

तिने बोलायला हवं होतं. ती गप्प राहिली की मला जास्त राग येतो.

"लाज नाही ती नाहीच! माझ्या सासऱ्यांनी माझ्यासाठी बांधलेली वलणी, आणि ही महाराणी तिच्यावर दिवसभर पाणी ओतते!" असं आणखी बरंच. जे वर्षानुवर्षं साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. साहेबाने दुभाष्याला विचारलं, बाई काय म्हणतेय. दुभाष्याने माझ्या एवढ्या मोठ्या भाषणाचे तीनच शब्द करून सांगितले. साहेब हसला.

मी भिंतीवरून हात घातला, पहिली चादर ओढली आणि तिच्या आवारात भिरकावली. दुसरी ओढली. तिसरी ओढली आणि साहेब स्टुलाजवळून असा उठला की पेटी पडता पडता राहिली. काटा उभा राहिला होता.

मग त्याने एक खेळ केला. शिपायाला सांगून ओल्या चादरी परत वलणीवर टाकल्या. काटा पडला. काढल्या. काटा उठला. टाकल्या, पडला. लहान मुलाला खुळखुळा मिळावा तसा तो खूश झाला. वर चढलेल्या माणसाने खांबाच्या चिरेत बोट घालून डांबर खरवडलं आणि आतून केसासारखी बारीक तांब्याची तार ओढून काढली. मला यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आज पहिल्यांदा कुणीतरी आमच्या वलणीकडे गंभीरपणे बघतंय.

साहेबाने वलणीवर काठी आपटली आणि काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, "साहेब विचारतात, ही वलणी कुणा..."

"माझी!" मी म्हणाले. त्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. मला वाटलं, आला एकदाचा निवाडा करणारा. "अख्ख्या गल्लीला विचारा. माझ्या लग्नाच्या वर्षी बांधलीय. त्या टोकापासून या टोकापर्यंत माझी आहे. हिचा काही एक संबंध नाही!"

साहेब धाकटीकडे वळला. दुभाष्याने तिला विचारलं, "खरं का?"

ती मान खाली घालून म्हणाली, "हो. वलणी जाऊबाईंचीच आहे. आम्ही नुसते कपडे घालतो."

त्या क्षणी मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं भांडून जे मिळालं नव्हतं ते हिने चारचौघांत, सरकारसमोर कबूल केलं. मी गल्लीकडे वळून बघितलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. आणि तेवढ्यात दोन शिपाई भिंतीवरून उड्या मारून माझ्या आवारात आले, माझ्याजवळून गेले आणि दुकानात शिरले.

ह्यांना त्यांनी भिंग लावलेल्या स्थितीतच उचललं. दुकान उलटंपालटं केलं. खांबाच्या आकड्याशी वलणी जिथे बांधली होती तिथं एक बारीक स्प्रिंग होती, घड्याळातली. तशाच स्प्रिंगा ह्यांच्या खणात सापडल्या. घड्याळजीच्या खणात त्या नाहीत तर काय गूळ सापडणार? पण साहेबाला तेवढं पुरलं. वलणी माझी, स्प्रिंग ह्यांची, आणि खांबाला काही बांधेल तो तुरुंगात. मी शिपायाच्या हाताला धरून लोंबकळले. त्याने मला माझ्याच सरपणावर ढकललं.

संध्याकाळपर्यंत मी चौकीच्या पायरीवर बसून होते. शेवटी दुभाषा बाहेर आला आणि म्हणाला, "आत जा. भेटू देतायत. भेटून झालं की साहेबांना तुमच्याशी बोलायचंय."

हे जमिनीवर बसले होते. ओठ फुटला होता. मला वाटलं होतं, म्हणतील, तू हे काय केलंस. त्याऐवजी चक्क बरे दिसत होते. आठवडाभर बिघडलेलं घड्याळ चालू झालं की दिसतात तसे.

"अहो, सांगा ना त्यांना," मी म्हणाले, "की तुमचा काही संबंध नाही. ही सगळी त्या कोटवाल्याची करणी. खांब त्याच्या आवारात, वर चढतो तो, धुते ती..."

"हळू बोल," हे म्हणाले. "संबंध आहे."

मी जवळ सरकले.

"तारेतला प्रवाह जमिनीत गेला की पुढे काही पोचत नाही. हापशाचा नळ खोल पाण्यापर्यंत गेलाय, त्याच्यासारखी वाट नाही. ओल्या चादरींचं वजन पडलं की वलणी खाली येते आणि त्या तांब्याच्या तारेला टेकते. वाळल्या की स्प्रिंग तिला वर ओढते. ती बारीक तार वर चढून सरकारच्या तारेला जोडली त्याने. स्प्रिंग मी बसवली."

"तुम्ही? तुम्ही तर त्याच्याशी बोलत नाही."

"गल्लीत नाही बोलत."

मला समजायला जरा वेळ लागला. मग सगळं समजलं. म्हणजे हे दोघं भाऊ आतून एक होते. भेंडोळं दारावरून गेलं की तोंड फिरवणं, जेवताना त्याचं नाव काढलं की ताट सारणं, सगळा देखावा. आणि धाकटीलाही माहीत होतं. गल्लीला फसवायला खरं भांडणारं एक माणूस हवं होतं, ते मी.

"मला का नाही सांगितलं?"

हे जरा ओशाळले. "तुझ्या पोटात काही राहत नाही."

मी ह्यांच्या तोंडावर थुंकले असते, पण ओठातून रक्त येत होतं. पदराने तो पुसला. बऱ्यापैकी दाबूनच पुसला.

"आज सकाळी हुकूम निघणार होता," हे म्हणाले. "वरची गावं जाळायचा. साहेबाने शोधेपर्यंत तार बंद होती, तेवढ्यात बातमी वर पोचली. एव्हाना तिथली माणसं पोराबाळांना घेऊन निघून गेली असतील. आता मला काय करायचं ते करू देत."

"आणि मी?"

शिपायाने दार वाजवलं.

साहेबाने मला खुर्ची दिली. माझ्या जन्मात मला कुणी सरकारी खुर्ची दिली नव्हती, म्हणून मी बसले नाही. दुभाषा भिंतीला टेकून उभा होता. साहेब बोलायचा, दुभाषा सांगायचा.

"साहेब म्हणतात, तुमचा नवरा हुशार कारागीर आहे. पण त्याचे गुडघे कामातून गेलेत, तो खांबावर चढू शकत नाही. वर चढणारा दुसरा कुणीतरी आहे."

मी खुर्चीकडे बघत राहिले.

"नवऱ्याला उद्या डोंगरात नवीन खांब रोवायच्या कामावर पाठवतील. बेड्या घालून. किती वर्षं, ते ठरलं नाही. तिथं माणसं फार टिकत नाहीत. पण तुम्ही एक नाव सांगितलंत तर तो आज रात्री घरी जेवेल."

माझ्या तोंडात नाव होतं. खोटं कशाला बोलू? अगदी जिभेच्या टोकावर होतं. मला माझा माणूस घरी हवा होता. तो खोटारडा, आतल्या गाठीचा माणूस मला माझ्या समोर बसलेला हवा होता, म्हणजे निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. आणि ज्यांचं नाव घ्यायचं ती माणसं माझी कोण होती? जिने मान खाली घालून माझ्या नवऱ्याला फासात दिलं तिचा नवरा.

साहेब पुढे वाकला. आता तो गोड हसत होता. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, तुम्हाला जड जाणार नाही. तुमचं आणि त्या घराचं वैर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते म्हणतात, अशी भांडणं आम्हाला फार उपयोगी पडतात."

दुभाष्याने शेवटचं वाक्य सांगायला नको होतं. कदाचित मुद्दामच सांगितलं असेल. म्हातारा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द वाहून पाठीला पोक आलेलं, त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. पण ते ऐकलं आणि माझं डोकं असं फिरलं की जिभेवरचं नाव घशात गेलं.

आवार घेतलं. झाड घेतलं. वरची हवा घेतली. आणि आता याला माझं भांडणही हवं होतं. धाकटीला मी पाण्यात पाहते ते माझ्या हिमतीवर. वर्षानुवर्षं, रोज, जिवापाड राबून मी हे वैर वाढवलंय. ते काय या परक्याच्या पेटीत घालायला?

"त्यांना सांगा," मी दुभाष्याला म्हणाले, "वलणी माझी आहे. चढले मी. माझे गुडघे बरे आहेत."

दुभाष्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी त्याने काही गाळलं नाही. साहेब आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याने हाताने मला बाहेर घालवलं. बाईने खांबावर चढून तार जोडली, हे त्याला कागदावर लिहायची लाज वाटली असावी. वरच्या साहेबाला काय सांगणार? पण ह्यांना त्याने सोडलं नाही. रात्र मी पायरीवरच काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी बेड्या घालून नेलं. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. हे वळून बघत होते. मी हात हलवला नाही. फार राग आला होता.

घरी आले तर दार उघडं होतं. विस्कटलेलं दुकान कुणीतरी आवरलं होतं. चूल पेटलेली होती आणि धाकटी तिच्यापुढे बसली होती. दीर दाराआड उभा होता, कोट काढून. वाटण्या झाल्यापासून दोघांनी माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नव्हता.

"ऊठ माझ्या चुलीपुढून," मी म्हणाले.

ती उठली. "जाऊबाई, मी दुसरं काय सांगणार होते? तुम्हीच ओरडलात. माझी म्हणालात. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी..."

"तुझा नवरा नेला असता. म्हणून माझा दिलास."

"हो," ती म्हणाली. रडत होती, पण हो म्हणाली. तेवढं एक मी तिचं मान्य करते, तिने सारवासारव केली नाही.

दीर पुढे आला. "वहिनी, मी जातो चौकीवर. माझं नाव सांगतो. दादाला सोडतील."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. खरंच गेला असता. त्याने तोंडसुद्धा धुतलं होतं, जायच्या तयारीने. माझ्या मनात आलं, जा. धर वाट. एक तू जा आणि माझा मला परत दे. धाकटीने भिंत धरली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला आयुष्यात कधी मी एवढी मोठी वाटले नसेन.

"तुझ्या जाण्याने काय होणार?" मी म्हणाले. "त्या साहेबाची चंगळ. एकाच्या जागी दोघं मिळतील. ते ह्यांना सोडत नाहीत. तू कोट घाल."

"वहिनी..."

"कोट घाल म्हणते ना! आणि कामावर जा. तुझ्यावर संशय आलाय, अजून पुरावा नाही. हजर राहा. आणि ऐक. एक चादर गेली म्हणून तार मारायचे तुझे बाकीचे उपाय संपले असं मला सांगू नकोस. तो तुझा धंदा आहे. ती तार पुन्हा बोलता कामा नये."

"पुन्हा म्हणजे?" त्याने विचारलं.

"पुन्हा म्हणजे पुन्हा. आज नाही, उद्या नाही. माझा माणूस बेडीत आहे तोवर नाही. तारऑफिस बाजाराच्या वाटेवर आहे. मी रोज त्या खिडकीखालून जाणार. आतलं यंत्र कटकटताना मला एकदा जरी ऐकू आलं तर मी तशीच आत शिरेन, त्या खुर्चीवर बसेन आणि तुझं नाव सांगेन."

धाकटी पुढे धावली. "जाऊबाई, रोज केलं तर ते पकडले जातील हो! महिन्याच्या आत पकडले जातील!"

"मग?" मी म्हणाले. "माझा तरी कुठे घरी आहे?"

दोघं गेले. जाताना तिने चुलीवरचं भांडं झाकून ठेवलं. तिच्या हातचं आहे म्हणून मी ते ओतून देणार होते, पण काल सकाळपासून पोटात काही नव्हतं. खाल्लं. मीठ कमी होतं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेतली आणि तारऑफिसच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. आत कारकून यंत्रावर बोट ठेवून बसला होता. दाबत होता, थांबत होता, कान देत होता, पुन्हा दाबत होता. पलीकडून काही येत नव्हतं. साहेब त्याच्या मागे येरझाऱ्या घालत होता. एकदा त्याची नजर खिडकीतून माझ्यावर पडली. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बसकण मारली.